विश्लेषण : अर्धी बादली पाणी, थोडी थंडी… घरच्या घरी बालकांची प्रयोगशाळा कशी उभी राहते?

वसई-विरारमध्ये थंडीचा मुक्काम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. या दिवसांत लहान मुलांना स्वेटर चढवायचा, ‘पाण्यात हात घालू नकोस’ म्हणून दटावायचे आणि ती कंटाळली की हातात मोबाइल द्यायचा, हे अनेक घरांतील चित्र. प्रत्यक्षात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाणी, बर्फ आणि ऊन ही शिकण्याची उत्तम साधने आहेत. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. टंचाईच्या शहरात पाणी वाया न घालवताही हे खेळ खेळता येतात.

या वयात पाण्याचा खेळ का महत्त्वाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला जातो. या टप्प्यात पाठांतर आणि लेखनाची घाई न करता खेळ व कृती यांवर भर देणे अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा.

पाणी ओतणे, स्पंज पिळणे, झारीने पाणी घालणे यातून बोटे आणि मनगट बळकट होते. पुढे पेन्सिल धरण्यासाठी हीच तयारी लागते. जड-हलके, कमी-जास्त, रिकामे-भरलेले, थेंब, धार, कोमट, गार असे शब्दही मूल अनुभवातून शिकते.

पालघर जिल्ह्याचा वारसा काय सांगतो?

घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंतून शिक्षण ही कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यामुळे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. आज फ्लॅटमध्ये अंगण नाही, पण त्याचे काम बाल्कनी किंवा मोरीही करू शकते.

सुरुवात कोणत्या खेळाने करावी?

सर्वात सोपा खेळ ‘तरंगते की बुडते’. एका घमेल्यात किंवा टबात चार बोटे पाणी घ्यावे. बटाटा, वांगे, गाजर, ढोबळी मिरची, चमचा, प्लास्टिकचे झाकण अशा वस्तू जवळ ठेवाव्यात. प्रत्येक वस्तू सोडण्यापूर्वी मुलाला अंदाज विचारावा. मोठे वांगे तरंगते आणि त्याहून लहान बटाटा बुडतो, हे पाहिल्यावर ‘मोठे ते बुडते’ हा मुलाचा समज आपोआप डळमळतो.

हिवाळ्यात संत्री बाजारात असतात. सालीसकट संत्रे तरंगते आणि सोललेले बहुधा बुडते. सालीच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ती एखाद्या लाइफ जॅकेटसारखी काम करते.

भांडे बदलले की पाणी ‘वाढते’ का?

दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. मुलासमोरच एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतावे. आता जास्त पाणी कशात आहे, असे विचारल्यास चार-पाच वर्षांची बरीच मुले उंच ग्लास दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या या प्रसिद्ध प्रयोगातून लहान मुले एका वेळी एकाच गोष्टीकडे, इथे उंचीकडे, पाहतात हे दिसून आले. मूल ‘चुकले’ म्हणून टोकू नये. पाणी पुन्हा पहिल्या पेल्यात ओतू द्यावे. साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे ही समज येते. ती पाठ करून घेता येत नाही.

थंडीचे प्रयोग कोणते?

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली घट्ट होते. थंडीच्या सकाळी बाटलीतील तेल गोठले असेल तर ती कोमट पाण्याच्या वाटीत ठेवावी आणि तेल पातळ होताना मुलाला पाहू द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गोठले का, हे मुलानेच तपासावे. घन आणि द्रव हे शब्द नंतर आले तरी चालतात.

दुसरा प्रयोग स्वेटरचा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक उघड्या ताटलीत ठेवावा आणि दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळावा. ‘टोपीतला आधी वितळणार,’ असे मुले बहुधा सांगतात. होते मात्र उलटे. लोकर उष्णता निर्माण करत नाही, ती उष्णतेची ये-जा मंदावते. अर्नाळा किंवा पाचूबंदरला मासळीसाठी बर्फ जाड भिंतींच्या पेटीत का ठेवतात, हे मुलाला दाखवायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

तिसरा प्रयोग ‘घाम’ फुटणाऱ्या पेल्याचा. स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी ठेवले की बाहेरून थेंब जमतात. पेला गळतो, असे मुलाला वाटते. त्या पाण्यात बीटचा रस मिसळावा. आत पाणी लाल, पण बाहेरचे थेंब बिनरंगी. म्हणजे ते पेल्यातून आलेले नाहीत, हवेतील बाष्पाचे आहेत. पहाटे गवतावर दव पडते ते याच कारणाने.

वसईच्या मिठागरांशी याचा संबंध काय?

वसई-नायगाव पट्ट्यातील मिठागरांत खाडीचे खारे पाणी वाफ्यांमध्ये घेऊन उन्हात आटवले जाते. घरी अर्धी वाटी कोमट पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट ताटलीत उन्हात ठेवावे. पावसाळा सरल्याने हवा कोरडी असते. दोन-तीन दिवसांत पाणी उडून कडेला मिठाचे खडे दिसू लागतात. मुलाने रोज ताटलीचे चित्र काढावे, ही त्याची पहिली प्रयोगवही. नंतर नायगावहून लोकलने जाताना पांढरे ढीग दिसले तर मूल ते नक्की ओळखेल.

पण पाणी आणायचे कुठून?

वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून पाणी मिळते, तरीही अनेक वसाहतींना टँकर मागवावे लागतात. त्यामुळे खेळाचे पाणी आधीच मोजून घ्यावे. चार-पाच लिटर पुरेसे असतात. भाज्या किंवा तांदूळ धुतलेले पाणीही चालते. खेळ संपल्यावर ते पाणी झाडांना घालण्याचे काम मुलाकडे द्यावे. मिठाचे पाणी मात्र कुंडीत टाकू नये, त्याने रोप मरू शकते. आपल्या वाट्याचे पाणी मोजके आहे, हे मुलाला यातून उपदेशाशिवाय कळते.

थंडीत सर्दी होणार नाही का? काळजी कोणती?

सर्दी विषाणूंमुळे होते, पाण्यात हात घातल्याने नाही. तरीही ओल्या कपड्यांत मूल गारठते. त्यामुळे दुपारच्या उन्हात, कोमट पाण्याने, १५-२० मिनिटे खेळावे आणि नंतर लगेच कपडे बदलावेत. दम्याचा त्रास असलेल्या मुलांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खरा धोका दुर्लक्षाचा आहे. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बादलीत तोल गेल्यास त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. खेळ सुरू असताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे. फोन किंवा दाराची बेल वाजली तर मुलाला सोबत घेऊन उठावे. टाकीचे पाणी भरून ठेवलेल्या बादल्या आणि पिंप झाकलेले असावेत. गीझरचे गरम पाणी, मणी किंवा घशात अडकतील अशा वस्तू खेळात नकोत. खेळाचे पाणी त्याच दिवशी रिकामे करावे, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

पालकांनी नेमके काय करावे?

कमी सांगावे, जास्त विचारावे. ‘काय होईल असे वाटते?’, ‘आता काय झाले?’, ‘पुन्हा करून पाहू या का?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. प्रश्न विचारल्यावर थांबणे सर्वात कठीण असते, पण मूल विचार करते ते त्याच वेळात. एका दिवशी एकच प्रयोग करावा. मुलाने तोच खेळ सलग चार दिवस मागितला तर तोच द्यावा. या वयात पुन्हा पुन्हा करून पाहणे म्हणजेच अभ्यास. आजी-आजोबा घरात असतील तर विहिरी, रहाट आणि बावखलांच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकू द्याव्यात.