हवा तेहतीसचीच होती, मग टायर फुटला कसा?

‘टायर फुटून अपघात’ ही ओळ आपण बातमीत इतक्यांदा वाचलेली असते की ती कारण सांगते आहे असंच वाटतं. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने या ओळीवर थांबायला हवं. टायर फुटला, हे काय घडलं ते झालं. का फुटला, हा प्रश्न अजून तसाच आहे. आणि कधी कधी तर तो फुटला होता का, इथूनच सुरुवात करावी लागते.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस जणांचा जीव गेला. टायर फुटल्याने ताबा सुटला, असं पहिल्या काही तासांत सगळीकडे सांगितलं गेलं. चालकाचं म्हणणंही तेच होतं. नंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं आलं. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते, तशा खुणाही नव्हत्या. आता विचार करा: त्या पहिल्या दिवशीच्या बातम्यांवरून कुणी ‘टायर फुटून झालेले अपघात’ असा तक्ता केला असता, तर हा अपघात त्यात जाऊन बसला असता. तुमच्या डेटातला ‘कारण’ नावाचा रकाना कोणी, कधी आणि काय पाहून भरला, हे विचारायची सवय इथून लावून घ्या.

अर्थात समृद्धीवर टायर फुटतच नाहीत असा याचा अर्थ नाही. घासलेल्या टायरच्या गाड्यांना महामार्गावर येऊ न देण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्येच काढली होती, ती उगाच नाही. तर आता खऱ्या फुटण्याकडे वळू.

फुगा डोक्यातून काढून टाका

बहुतेकांच्या मनात चित्र असतं ते फुग्याचं. ऊन तापलं, आतली हवा फुगली, दाब वाढला, टायर फुटला. म्हणून ‘उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवा’ हा सल्ला गल्लीतला प्रत्येक जाणता माणूस देतो. हे चित्र तपासायला अकरावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

समजा गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर ३३ पीएसआय लिहिलंय. सकाळी २७ अंश सेल्सिअसला तुम्ही बरोबर ३३ भरली. समृद्धीवर दुपारी टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली असं धरा. दाब किती झाला?

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, तापमान सेल्सिअसमध्येच ठेवायचं. मग उत्तर ८२ येतं आणि फुग्याचं चित्र अगदी खरं वाटायला लागतं. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला हवं, म्हणजे ३०० आणि ३४०. दुसरी चूक, गेजवरचा आकडा तसाच सूत्रात घालायचा. गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतो. बाहेरच्या हवेचे १४.७ त्यात मिळवायचे, मग गुणायचं, आणि शेवटी पुन्हा वजा करायचे. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७, त्याला ३४० ने गुणून ३०० ने भागलं की ५४.१, त्यातून १४.७ गेले, उरले साधारण ३९.

म्हणजे चाळीस अंश तापूनही दाब वाढला सहा पीएसआयने. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरलेली असते. पट्टीवरचे ३३ हे ‘थंड’ टायरचे आहेत, गाडी निदान तीन तास उभी असतानाचे. धडधाकट टायर ३९ ला फुटत नाही. नायट्रोजन भरला तरी गणित जवळजवळ हेच राहतं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मग मारतं काय?

मारते ती कमी हवा. टायर रस्त्याला टेकतो तिथे त्याची बाजूची भिंत वाकते आणि पुढे गेल्यावर सरळ होते. रबर वाकवायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते सरळ होताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन टायरमध्येच राहते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते आणि दर फेरीला जास्त उष्णता साठते.

फेऱ्या किती होतात ते बघा. साध्या कारच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी १२० किलोमीटरला चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. भिंतीचा प्रत्येक भाग तासाला साठ हजारांहून जास्त वेळा वाकतो. शहरात सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये टायरला निवायला वेळ मिळतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या सलग रस्त्यावर तो मिळत नाही. वेग फारच वाढला तर टेकलेला भाग सुटल्यावर रबर सरळ व्हायच्या आत पुन्हा टेकायची वेळ येते, टायरवर लाटा उभ्या राहतात आणि उष्णता झपाट्याने चढते. त्या उष्णतेने रबर आणि आतल्या पोलादी तारांचा पट्टा यांची पकड सुटत जाते. शेवटी जो ‘फट्’ आवाज येतो, तो बऱ्याच तासांच्या, कधी बऱ्याच महिन्यांच्या प्रक्रियेचा शेवट असतो. जुनं रबर, खड्ड्यात बसलेला मार, जास्तीचं सामान हे सगळे तिला हातभार लावतात.

एकच आकडा, दोन अर्थ

आता या लेखातली मुख्य गोष्ट. आमच्या फणसवाडीतलंच उदाहरण घेऊ. गिरगावात गाडी रोज लागते कुणाला? वाडीत गाड्या उभ्या असतात त्या गणपतीला आणि मे महिन्यात गावी जायला. टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप जाते. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत ३३ चे २७ होतात. डोळ्यांना काही दिसत नाही. आताचे रेडियल टायर तसेही खाली थोडे पसरलेलेच दिसतात.

या २७ च्या टायरवर तुम्ही समृद्धीला लागलात. आतली हवा ६७ अंशांवर गेली. गणित तेच करा: ४१.७ गुणिले ३४० भागिले ३००, वजा १४.७. उत्तर ३२.६.

पाहिलंत? वाटेत पंपावर थांबून गेज लावलात तर ते ३३ दाखवेल, अगदी पट्टीवर लिहिल्यासारखं. तुम्ही निश्चिंत होऊन पुढे निघाल. खरं तर त्या वेळी तिथे ३९ असायला हवे होते. वर आणखी एक मेख आहे: कमी हवेचा टायर जास्त तापतो, म्हणजे त्याचा आकडा आणखी वर जातो. दोष स्वतःच स्वतःला झाकतो.

उलटही होतं. हवा बरोबर भरलेल्या माणसाला वाटेत ३९ दिसतात, तो घाबरतो आणि ‘जास्त झाली’ म्हणून ३३ पर्यंत सोडून देतो. रात्री टायर निवल्यावर त्याच्याकडे उरतात २७ च्या आसपास. पहिल्याने वर्षभर लक्ष दिलं नाही, दुसऱ्याने काळजीपोटी लक्ष दिलं. दोघे पोहोचले एकाच जागी.

म्हणून थंड टायरची हवा घरापाशीच, निघण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजायची. पंपावर भरावीच लागली तर घरी जितकी कमी आढळली तितकीच वाढवायची. आणि तापलेल्या टायरची हवा कधीही सोडायची नाही.

दिवा आहे की गाडीत!

नव्या गाड्यांत टायरचा दाब कमी झाल्यावर लागणारा दिवा असतो. त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायर सदोष की गाडी, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. फोर्डने सांगितलेला दाब २६ होता, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवा. त्याच वर्षी कायदा झाला आणि दाब-सूचक यंत्रणा सक्तीची करायचं ठरलं.

पहिल्या नियमात स्वस्त मार्गाला जागा होती: सेन्सर टायरमध्ये न बसवता एबीएसच्या मदतीने चाकांचे वेग ताडून बघायचे. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जरा जोरात फिरतं. यातली त्रुटी तुम्हीच शोधा, मग पुढे वाचा.

चारही टायरची हवा सारखीच कमी झाली तर? तुलना करायला वेगळं चाकच उरत नाही आणि दिवा गप्प राहतो. वाडीत सहा महिने उभ्या असलेल्या गाडीचं नेमकं हेच होतं. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नियमातली ही सवलत रद्द केली. पुढच्या नियमाप्रमाणे, एक असो वा चार, टायरचा दाब पट्टीवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की दिवा लागलाच पाहिजे. तुमच्या प्रयोगात ‘कंट्रोल’ गटही त्याच दिशेने सरकत असेल, तर फरक शून्य येतो आणि तुम्ही ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होता. हा तोच दिवा.

आणि २५ टक्के म्हणजे किती? ३३ चे जवळजवळ २५. आपला २७ चा टायर त्या मर्यादेतही दिवा लावत नाही. दिवा शेवटची सूचना देतो, देखभाल आपल्यालाच करावी लागते.

मागे काही ओढत असाल तर

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाडीमागे ओढायच्या ट्रेलरचाही विचार आहे. ट्रेलरचं दुखणं असं की त्याच्या टायरची खबर चालकाला लागतच नाही. पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग ओढतं; मागच्या ट्रेलरचा टायर किलोमीटरच्या किलोमीटर रिम घासत गेला तरी कळायला आरसाच. गाडीतली दाब-यंत्रणाही ट्रेलरची चाकं मोजत नाही. त्यांना वेगळे सेन्सर लावावे लागतात. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये एक टायर बसला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर जातं, मग तोही जातो.

शिवाय ट्रेलर वर्षातला बराच काळ उन्हात उभा असतो. नक्षी नवीकोरी दिसते, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कायद्याप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पण नक्षीची खोली रबराचं वय सांगत नाही. दोन्ही बघा.

एक छोटा अभ्यास

पीएचडीच्या मुलाखतीआधी हातात एखादा मोजमापाचा अनुभव असावा असं वाटत असेल, तर हे करून बघा. तुमच्या गल्लीतल्या दहा गाड्या निवडा, मालकांची परवानगी घ्या आणि आठ रविवार सकाळी त्यांच्या टायरचा दाब नोंदवा. प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, हवेचं तापमान, गाडी शेवटची कधी चालली, आणि टायरवर ऊन होतं का. गेज दोन ठेवा आणि एकाच टायरवर ताडून पाहा. त्यांच्यातला फरक तुम्ही शोधताय त्या फरकाएवढाच निघू शकतो. दर मोजणीला थोडी हवा निसटते, तीही हिशेबात धरा.

हा अभ्यास टायर कधी फुटतो ते सांगणार नाही. फक्त फुटलेलेच टायर मोजणारा अभ्यासही ते सांगत नाही, कारण तितक्याच कमी हवेवर सुखरूप पोहोचलेले किती, हे त्याला ठाऊक नसतं. पण उभ्या गाडीची हवा किती वेगाने जाते, याचं तुमच्या गल्लीपुरतं उत्तर तुमच्याकडे असेल.

आणि एक प्रश्न आधीच सोडवून ठेवा. तिसऱ्या रविवारी एखाद्या गाडीत २२ आढळले आणि मालक उद्या गावी निघणार असेल, तर काय करायचं? सांगितलंत तर तो हवा भरणार आणि त्या गाडीचा डेटा तुटणार. सांगायचंच, त्याच क्षणी. वहीत लिहायचं: ‘तिसऱ्या आठवड्यात हस्तक्षेप केला, ही गाडी पुढे विश्लेषणातून वगळली.’ परीक्षकाने विचारलं तर हेच उत्तर द्या.