१०३४ विरुद्ध युद्ध

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९६९ साली रस्त्यांवर १,०३४ माणसं दगावली. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या ‘सन’ दैनिकाने हा आकडा पहिल्या पानावर आणला आणि मोहीम उघडली: १०३४ विरुद्ध युद्ध! चेंदामेंदा झालेली शरीरं रोज टेबलावर पाहणारे सर्जन तर सीटबेल्टच्या सक्तीसाठी आधीपासूनच सरकारच्या मागे लागले होते. २२ डिसेंबर १९७० पासून कायदा लागू झाला. चालक आणि प्रवाशांवर अशी सक्ती करणारं जगातलं हे पहिलं सरकार.

१९७६ मध्ये कोणतंही वाहन थांबवून, चालक दारू प्यायलाय का हे पाहण्यासाठी त्याच्या श्वासाची तपासणी सुरू झाली.

या सगळ्या लढाईत सर्वांत शहाणपणाची आहे ती पैशांची रचना. वाहननोंदणीबरोबर मालक जी रक्कम भरतो, ती ‘ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशन’ या सरकारी संस्थेकडे जाते. चूक कुणाचीही असो, जखमीच्या उपचारांचा खर्च ही संस्था करते. मेंदूला किंवा मणक्याला गंभीर इजा झालेल्यांच्या काळजीचा खर्च तर आयुष्यभर. साहजिकच, टळलेला प्रत्येक अपघात तिचाही खर्च वाचवतो. म्हणूनच काळजाचा थरकाप उडवणाऱ्या जाहिरातींपासून महामार्गांवरच्या तारदोरांच्या कठड्यांपर्यंत ती हात सैल सोडते. गंभीर जखमींना थेट मेलबर्नच्या तीन खास रुग्णालयांत पोहोचवण्याची राज्यव्यापी व्यवस्थाही आहे. त्यांतलं एक केवळ मुलांसाठी.

लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली, तरी २०२० मध्ये मृत्यू होते २११. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचं धोरण राज्याने आखलंय. २०२३ मध्ये मात्र आकडा पुन्हा २९० च्या वर गेला.