‘टेंपर’: स्वभाव की अवस्था?

‘साहेबांचा टेंपर आज बिघडलेला आहे’ हे वाक्य कोणाला परके वाटत नाही, इतका हा इंग्रजी शब्द मराठीत रुळला आहे. मुंबईच्या कार्यालयात तो जितका सहज उच्चारला जातो तितकाच यवतमाळच्या कचेरीतही. मात्र इंग्रजीत त्याचे दोन वेगळे उपयोग आहेत आणि मराठीत येताना त्यांतील भेद वाटेतच गळून पडला.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘तेम्पेरारे’ या क्रियापदात आहे. योग्य प्रमाणात मिसळणे, मर्यादेत ठेवणे हा त्याचा अर्थ. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या मिश्रणावर माणसाची प्रकृती ठरते, असे जुने युरोपीय वैद्यक मानत असे. हे मिश्रण म्हणजे त्या माणसाचा ‘टेंपर’. आयुर्वेदातील वात-पित्त-कफाची कल्पना ठाऊक असलेल्या आणि राग आला की ‘पित्त खवळले’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. म्हणूनच ‘लूज वन्स टेंपर’ याचा मूळ अर्थ तोल गमावणे असा आहे. पुढे नुसत्या ‘टेंपर’चाच अर्थ राग असा झाला. समतोलाचा शब्द समतोल ढळल्याचा वाचक बनला. ‘टेंपरेचर’ आणि मद्यवर्जनाच्या अर्थाचा ‘टेंपरन्स’ ही त्याच कुळातील भावंडे होत.

असाच प्रवास आपल्या ‘मिजास’ या शब्दाचाही झाला आहे. मूळ अरबी ‘मिजाज’ म्हणजे मिश्रण. उर्दूत त्याचा अर्थ प्रकृती, स्वभाव असा झाला आणि मराठीत येईपर्यंत चक्क घमेंड! 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यामुळे यवतमाळच्या परिसरात आधी फारशी-उर्दूची आणि मग इंग्रजीची छाया पडली, आणि एकाच कल्पनेतून निघालेले हे दोन्ही शब्द आज तेथे शेजारी शेजारी नांदतात. मराठीचा स्वतःचा कल मात्र मिश्रणापेक्षा उष्णतेकडे आहे. तापट, संताप, मनस्ताप, डोके तापणे, तळपायाची आग मस्तकात जाणे, अशी ही यादी उन्हाळ्यात होरपळणाऱ्या प्रदेशाला शोभणारीच म्हणावी लागेल. पोलादाच्या बाबतीत तर गंमत उलटी आहे. पाणी दिलेले पोलाद कडक पण ठिसूळ असते. ते पुन्हा बेताने तापवून चिवट करतात आणि या क्रियेला ‘टेंपरिंग’ म्हणतात. तेथे तापल्याने तोल साधतो, माणसाचा मात्र जातो.

आता मुख्य मुद्दा. ‘ही हॅज अ बॅड टेंपर’ आणि ‘ही इज इन अ बॅड टेंपर’ ही वाक्ये वरवर सारखी दिसतात. पहिल्यात स्वभाव सांगितला आहे: हा गृहस्थ तापट आहे, काल होता, उद्याही असेल. दुसऱ्यात अवस्था सांगितली आहे: तो या घडीला चिडलेला आहे. एवढ्याशा ‘इन’ने हा फरक होतो. ‘शॉर्ट-टेंपर्ड’ हे सामान्यतः स्वभावाचे विशेषण; ‘टेंपर टँट्रम’ म्हणजे लहान मुलाचा आक्रस्ताळेपणा, मोठ्यांच्या बाबतीत तो शब्द टोमणा म्हणूनच वापरतात. मराठीत या दोन अर्थांसाठी वेगळे शब्द आहेतच. तापट, कोपिष्ट, शीघ्रकोपी, तिरसट हे स्वभावाचे. चिडचिड, वैताग, त्रागा हे अवस्थेचे. पण ‘त्यांना टेंपर आहे’ असे म्हटले की दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात.

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. राज्य सरकारने 2015 मध्ये सुरू केलेल्या शेतकरी समुपदेशनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही तो होता. नैराश्य नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. विशेषतः पुरुषांत ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते. नैराश्याच्या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांची विचारणा आहे, चिडचिडीची नाही. म्हणजे ती टिपण्याचे काम घरच्यांवर आणि गावातल्या आशा कार्यकर्तीवर येते. ‘ते तापट आहेत का?’ असे विचारले तर ‘पहिल्यापासूनच’ असे उत्तर येईल आणि विषय संपेल. ‘अलीकडे चिडचिड वाढली आहे का? कधीपासून?’ असे विचारले तर बदल दिसू लागतो, आणि लक्षण म्हणतात ते या बदलालाच.

विचारपूस झाली की माणसे पुढे येतात, याचा दाखला शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ उपक्रमाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते. आता ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

राहता राहिला ‘इन अ बॅड टेंपर’चा अनुवाद. प्रमाण मराठीत त्यासाठी ‘सध्या’, ‘हल्ली’ असा एखादा शब्द जोडावा लागतो. वऱ्हाडी बोलीला त्याचीही गरज पडत नाही. ‘त्याले राग येऊन राह्यला’ म्हटले की राग बाहेरून आला आहे, चालू आहे आणि तो त्या माणसाचा स्वभाव नव्हे, हे तिन्ही एका क्रियापदात येते.