माहेरी नेलेला डबा

माहेरी जाताना आपण काय काय नेतो! २००९ च्या जूनमध्ये मी कऱ्हाडहून चिपळूणच्या एसटीत बसले, ती मांडीवर घरचा सेट टॉप बॉक्स घेऊन. जुन्या नऊवारीत गुंडाळून.

झालं असं, की आई अंगणात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पायाचे व्यायाम सांगितले, पण ती पाय हलवायलाच तयार नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची. "माझ्यामुळे तुझा संसार अडला गं," एवढंच म्हणायची. वाडीत केबल नव्हती. जुन्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं, तेही मुंग्यांसकट.

कपडे न्यायला घरी आले, तेव्हा टीव्हीकडे बघून एकदम सुचलं. नेमका ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषक चालू! मुलगा फुरंगटला. हे म्हणाले, "आम्ही मॅच शेजारी बघू. तू ने."

पण तिकडे चालेल का? डीटीएचवाल्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, वर्गणी घराला नसते, बॉक्स आणि त्याच्या कार्डाला असते. उपग्रह विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंच. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतो. त्याला कऱ्हाड काय नि चिपळूण काय, सारखंच! छत्रीचं तोंड मात्र नेमकं त्याच्याकडे हवं. आपल्याकडून ते साधारण आग्नेयेला येतं.

घरची छत्री तशीच ठेवली, चिपळूणला दुसरी घेतली. अंगणात फणस आडवा आला, म्हणून ती गोठ्यावर चढली. चित्र दिसलं आणि आईने कूस बदलली.

मग मी अट घातली, "जाहिरात लागली की पाय हलवायचा." पहिल्या दिवशी रडली, माझ्यावर चिडली. आठवड्याने मीच स्वयंपाकघरात असले, तर हाक यायची, "अगो, जाहिरात लागली!" जोराचा पाऊस आला की सिग्नल जायचा. तेव्हा ती पावसालाच शिव्या द्यायची. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकत होते मी.

तुम्हालाही महिना-दोन महिने कुठे राहायचं असेल, तर आधी कंपनीला फोन करून पत्ता कळवा. बॉक्स आणि कार्डाची जोडी मोडू नका. रिचार्ज संपत आलाय का बघा. परदेशी मात्र नेऊ नका, ही सेवा भारतापुरतीच असते. चार दिवसांचाच प्रवास असेल तर आता मोबाइलवरची ॲप्स आहेत. आणि गावी कायमची सोय हवी असेल, तर दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. टीव्हीचा आवाज अचानक कमी झाला. बाहेर येऊन बघते तर रिमोट माझ्या खाटेवर, आणि आई वॉकर धरून टीव्हीपाशी उभी!

"कान किटले त्या जाहिरातींनी," ती म्हणाली. "आणि तो डबा ने हो आता घरी. पोरं वाट बघत असतील."