पुरस्कार वेंडेलचा, नाव स्पिंकचं

न्यूयॉर्क राज्यातलं कूपरस्टाउन हे तसं छोटंसं गाव. दर जुलैत तिथे बेसबॉलची जत्रा भरते. निवृत्त दिग्गजांना हॉल ऑफ फेममध्ये वाजतगाजत घेतलं जातं आणि त्याच दोन-तीन दिवसांत एका पत्रकाराचाही सत्कार होतो. हा सन्मान जन्मभराच्या लेखनाबद्दलचा. तो देते अमेरिकेतल्या बेसबॉल लेखकांची संघटना. मैदानावर वार्ताहरांना बसायला धड जागा मिळेना, म्हणून ती १९०८ साली स्थापन झाली. तिघांची समिती तीन नावं काढते, ज्येष्ठ सदस्य मतं देतात आणि डिसेंबरात निकाल लागतो. मानकऱ्याची तसबीर खेळाडूंच्या दालनात लागत नाही, तो हॉल ऑफ फेमचा सदस्यही होत नाही. तरी वर्तमानपत्रं दरवर्षी तो सदस्य झाला असं छापतातच. आपल्या माणसाचं कौतुक करताना हात थोडा सैल सुटतो.

खरोखरच सदस्य झालेला बातमीदार म्हणजे हेन्री चॅडविक, तोही १९३८ साली, मृत्यूनंतर. हा मूळचा इंग्रज, क्रिकेटच्या बातम्या देणारा. आख्खा सामना चार बोटं जागेत मांडणारा बेसबॉलचा धावफलक त्याने घडवला, यात क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला नवल वाटू नये.

पुरस्कार सुरू झाला १९६२ साली आणि त्याला नाव मिळालं जे. जी. टेलर स्पिंकचं. सेंट लुईसहून निघणाऱ्या ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाचा हा सर्वेसर्वा, अपरात्री फोन करून वार्ताहरांना उठवणारा. त्याच्या पत्राला लोक ‘बेसबॉलचं बायबल’ म्हणत. पहिला मानकरीही तोच. पुढच्या यादीत एकेक नाव वजनदार आहे: कथाकार रिंग लार्डनर, १९१९ची वर्ल्ड सिरीज विकली गेल्याचा संशय छापून शिव्या खाणारा ह्यू फुलर्टन, पिचरच्या कामगिरीत ‘सेव्ह’ची मोजणी आणणारा जेरोम होल्टझमन.

आणि १९९३ साली वेंडेल स्मिथ.

वेंडेल डेट्रॉइटचा, स्वतः उत्तम पिचर. तरुणपणी त्याने एक महत्त्वाचा सामना १–० असा जिंकून दिला. सामना पाहायला आलेल्या व्यावसायिक संघाच्या माणसाने त्याच्याच संघातल्या गोऱ्या कॅचरला करारबद्ध केलं आणि वेंडेलला सांगितलं, तुलाही घेतलं असतं, पण घेता येत नाही. कारण कातडीचा रंग. वेंडेलने लेखणी धरली आणि ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात वर्षानुवर्षं हाच एक विषय लावून धरला. १९४५ साली ब्रुकलिन संघाचा कारभारी ब्रँच रिकी याच्याकडे त्याने जॅकी रॉबिन्सनचं नाव सुचवलं, पुढे गोऱ्यांच्या लीगमधली रंगबंदी मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू तो हाच. पुढे दौऱ्यांत तो रॉबिन्सनसोबत राहिला, त्याच्या नावाने सदरही लिहून दिलं. मात्र वेंडेलला स्वतःला प्रेस बॉक्समध्ये प्रवेश नव्हता. तिथे संघटनेचं कार्ड लागे, कार्ड मिळे दैनिकाच्या वार्ताहराला, आणि गोऱ्यांची दैनिकं काळ्या माणसाला सहसा नोकरीच देत नसत. नियम असा बेमालूम लिहिलेला की त्यात रंगाचा उल्लेखही नको. (स्पिंकचं पत्रही साप्ताहिकच होतं, हे जाता जाता.) शिकागोच्या गोऱ्यांच्या दैनिकात नोकरी लागली तेव्हा कुठे वेंडेलला कार्ड मिळालं. रॉबिन्सन १९७२च्या ऑक्टोबरात गेला, वेंडेल पुढच्याच महिन्यात.

स्पिंकच्या साप्ताहिकाने ऑगस्ट १९४२मध्ये अग्रलेख छापला होता. वर्णाचा प्रश्न उकरून कुणाचंच भलं होणार नाही, दोन्हीकडच्या खेळाडूंना आपापल्या लीगच बऱ्या, असा त्याचा सूर होता. ज्या विचाराशी वेंडेल झुंजला, त्याच्या पाठीराख्याच्या नावाचा पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. १९९७ साली तोच सॅम लेसीला मिळाला, १९४८ साली संघटनेत घेतलेला कृष्णवर्णीय पत्रकार.

२०१७ साली मान मिळाला क्लेअर स्मिथ यांना. या पुरस्काराच्या पहिल्या महिला मानकरी, त्याही कृष्णवर्णीय. १९८४ साली शिकागोत प्लेऑफच्या सामन्यानंतर सॅन डिएगो संघाच्या ड्रेसिंग रूममधून त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं होतं. बातमीची वेळ टळत चाललेली. तेव्हा स्टीव्ह गार्वी हा खेळाडू स्वतः बाहेर आला आणि हवा तितका वेळ थांबतो म्हणाला. त्या रात्री क्लेअर यांची बातमी वेळेत गेली.

२०२१च्या फेब्रुवारीत संघटनेने मतदान घेतलं आणि ९७ टक्के मतं स्पिंकचं नाव काढावं या बाजूने पडली. आता पुरस्काराला नुसतं ‘कारकीर्द-श्रेष्ठता पुरस्कार’ अशा अर्थाचं, बिनचेहऱ्याचं नाव आहे. वेंडेलचं नाव का दिलं नाही, असं मला अजून वाटतं. पण १९६२चा मानकरी म्हणून स्पिंक यादीत कायम आहे आणि ते बरोबरच आहे. साप्ताहिक त्याने खरोखरच मोठं केलं होतं.