बर्फाखालचा कच्चा थर

आमच्या गडचांदुरास बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाडीवर. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो; हिवाळा एका शालीनें भागतो. अशा गांवीं बसून हिमस्खलनावर लिहूं लागलों तर वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु येथून माणिकगडाचा डोंगर चढून गेलें कीं जिवती लागतें. आणि याच चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांतल्या मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे व विकास सोयाम या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं मे २०१८ मध्यें एव्हरेस्ट गांठलें. तत्पूर्वीं त्यांस वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग व लेह येथें कित्येक महिने शिक्षण मिळालें होतें. लोकांनीं शिखर तेवढें लक्षांत ठेविलें!

यंदा आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें ऐन पौषांत गढवालच्या बर्फांतून पायीं भटकण्याचा हट्ट धरला. मातोश्रींनीं लोकर आणविली, थोरल्या वहिनींनीं डिंकाच्या लाडवांचा हिशेब मांडला. पायांखालचा बर्फ कसा असेल, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. आम्हींही नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

हिमस्खलन म्हणजे माथ्यावरून कोसळणारें संकट, अशी आपली समजूत. पण दहांपैकीं सुमारें नऊ प्राणघातक प्रसंगीं तें सांपडलेल्या मनुष्याच्या अथवा त्याच्या सोबत्याच्याच भारानें सुटतें. हंगामाच्या आरंभीं पातळ बर्फ पडतो, मग निरभ्र रात्रींची कडक थंडी येते. खालची भूमि त्या मानानें उबदार, वरचा पृष्ठभाग अतिशय गार. त्यामुळें बर्फांतील वाफ वर चढत राहते आणि तळाचे कण वाढून जाड व सुटे होतात. ते एकमेकांस धरीत नाहींत. पुढें त्यांवर मोठी हिमवृष्टि होते, वारा आणखी बर्फ आणून दडपतो, व घट्ट लादी तयार होते. पाहणारास सारें सारखेंच शुभ्र!

मुलीस हें पटेना, तेव्हां आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. ताटांत जाड साखर पसरून तिजवर वडीची थापलेली लादी अलगद ठेविली व ताट कलतें धरलें. कांहींच घडलें नाहीं. मग तिलाच बोटानें हलकेंच दाबावयास सांगितलें. लादी सबंध घसरून ओट्यावर आली. (वडी वायां गेली नाहीं, हें सांगावयास नको.)

सर्वांत वाईट उतार ३० ते ४५ अंशांचा. सपाटीवर चालतांना 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा बर्फांत तडा धांवला, तर तळचा थर मोडला असें समजून मागें फिरावें. तो तडा वरच्या उतारापर्यंत पोंचूं शकतो. कच्चा थर कित्येक आठवडे टिकतो. आकाश निवळलें म्हणून बर्फ निवळत नाहीं.

कसबी माणसेंही यांतून सुटत नाहींत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं द्रौपदी का डांडा या गढवालमधील शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालें. २९ जण गेले. त्यांत शिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं एव्हरेस्ट व मकालू हीं दोन्ही शिखरें सर केलीं होतीं.

संशयित उतार ओलांडणें टळत नसेल, तर एकेकानें ओलांडावा आणि बाकीच्यांनीं सुरक्षित जागेवरून त्याजवर नजर ठेवावी. प्रत्येकाच्या अंगावर बिनतारी शोधयंत्र, पाठीवर घडीची लांब सळई व फावडें असावें. गाडलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत काढला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर तिघांत एखादाच. बाहेरची मदत इतक्यांत येत नाहीं.

हें सारें टिपून मुलीनें यात्रेच्या आयोजकांस तीन प्रश्न लिहिले: चंदीगडच्या संरक्षण-संशोधन संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज कोण पाहतो? शोधयंत्रें किती? आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा? उत्तर आलें, तें जेवणाच्या उत्तम व्यवस्थेविषयीं. तिनें तेथील नांव काढून घेतलें असून दुसऱ्या मंडळीस तेच प्रश्न पाठविले आहेत. मातोश्रींचें विणकाम चालूच आहे.