आयुष्यभराचे तेल, पण कोणाच्या आयुष्यभर?

वेगवान मोटारीचा मालक इंजिनच्या तेलाचा हिशेब चोख ठेवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाची आठवण मात्र गाडी धक्के देऊ लागल्यावरच होते. त्याला कारणही आहे. काही मोटार कंपन्यांनी हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगितले. पण २००१ साली बीएमडब्ल्यूच्या ‘सेव्हन सीरिज’मध्ये आलेला सहा गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदला म्हणते!

हे तेल केवळ वंगण नव्हे. इंजिनची ताकद पुढे पोचवणारे, आतले क्लच दाबणारे आणि उष्णता वाहून नेणारेही तेच.

मी हे काम घरीच करतो. गाडी सपाट जागी, जॅकच्या भरवशावर नव्हे, भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवायची. तेल भरण्याचे बूच आधी सैल करायचे, मगच खालचे उघडायचे. वरचे अडून बसले, तर जुने तेल गेले आणि नव्याला वाट नाही!

या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नसते. इंजिन बंद असताना मावेल तेवढे भरायचे. मग ते सुरू करून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवायचे. तेल ३० ते ५० अंशांत असताना, इंजिन चालू ठेवूनच पुन्हा भरायचे. बुचातून बारीक धार ओघळली की पातळी बरोबर. तापलेले तेल फुगते; त्याहून गरम असताना मोजले तर कमी भरते.

एवढी सामग्री नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून करवून घ्यावे. पण करावे.